शेवटचा 'काऊन'

"ताई 'काऊन' म्हणाल्या की काय करायचं?"

"हसायचं!"

"असं नाही. पोट धरून. शेजारणीच्या खांद्यावर पडून. पुन्हा एकदा. ताई 'काऊन' म्हणाल्या की?"

दीडशे माणसं हसली. मी पडद्यामागे झाडू घेऊन उभी होते आणि अजून एक अक्षरही बोलले नव्हते.

बबलू हा आमचा फ्लोअर मॅनेजर. रेकॉर्डिंगच्या आधी प्रेक्षकांना तयार करणं हे त्याचं काम. घोडबंदर रोडवरच्या त्या स्टुडिओत प्रेक्षक बसने यायचे. बहुतेक बायका, कुठल्या कुठल्या महिला मंडळांतल्या. त्यांना खुर्च्यांवर बसवलं की स्किट सुरू होण्याआधीच त्यांचं हसणं कॅमेऱ्यात घेऊन ठेवायचे. एकदा बारीक, एकदा मोठ्याने, एकदा डोळे पुसत. समोर रंगमंच रिकामा. पापड करून डब्यात भरून ठेवावेत, तशी ही हसणी साठवायची आणि एडिटिंगला बसलं की लागतील तिथे तळून वाढायची.

तिसऱ्या रांगेतल्या हिरव्या साडीच्या एका बाईंनी डोळे पुसता पुसता विचारलं, "अहो, पण झालंय काय?"

"व्हायचंय अजून, मावशी," बबलू म्हणाला. "तुम्ही हसून घ्या."

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. दर रविवारी सकाळी आमच्या दर्यापुरात मी मुलांना नाटक शिकवते. परवा त्यातल्या एकीने विचारलं, "आजी, तुम्ही टीव्हीत होत्या म्हनते आई. मग वापस काऊन आल्या?" मुलांच्या प्रश्नाला अर्धं उत्तर देऊ नये असा माझा नियम आहे. म्हणून तिला जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे.

मी निर्मला भारसाकळे. शाळेत वीस वर्षं मराठी शिकवलं. स्नेहसंमेलनासाठी लहान लहान प्रहसनं लिहायची, मुलांकडून बसवून घ्यायची, एखादं पात्र कमी पडलं तर स्वतः उभी राहायची. पराग सोहोनी हा तरुण दिग्दर्शक एका स्पर्धेचा परीक्षक म्हणून अमरावतीला आला होता. माझं एक प्रहसन पाहून तो म्हणाला, "बाई, मुंबईला चला." मी बिनपगारी रजा काढली आणि गेले. वय त्रेचाळीस. तीन वर्षांत 'रविवारची खुसखुस' या कार्यक्रमासाठी मी ऐंशीच्या वर स्किटं लिहिली. त्यातल्या निम्म्यांत गोदा होती आणि गोदा मीच होते.

गोदा म्हणजे वऱ्हाडातून पुण्याला धुणीभांडी करायला गेलेली बाई. मालकीण सांगते, "गोदाबाई, पाहुण्यांना या कपात चहा द्यायचा आणि घरच्यांना त्या टवका उडालेल्या कपात." गोदा विचारते, "काऊन?" म्हणजे 'का?' आमच्याकडे तसंच म्हणतात. मालकीण समजावायला जाते, एका कारणातून दुसऱ्यात शिरते आणि शेवटी स्वतःच त्या फुटक्या कपातून चहा पीत बसते. पहिल्या चार-पाच भागांत लोक त्या मालकिणीच्या फजितीला हसले. मग हळूहळू मी तोंड उघडताच हशा यायला लागला. पुढे तर तोंड उघडायच्याही आधी. माझा प्रश्न कुणाला ऐकूच जाईना, लोक शब्दाला हसत होते. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं का? आलं होतं. पण भाजी घ्यायला गेले की पोरं मागून 'काऊन, काऊन' ओरडायची आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

त्या दिवशी सकाळी मेकअपच्या खोलीत पराग माझे कागद घेऊन आला. प्रिन्सिपलच्या कोटात बसलेले मोरजकरकाका मिशी चिकटवून घेत होते. काका मूळचे वेंगुर्ल्याचे, वयाने आमच्यात सगळ्यांत थोरले.

"ताई, हे काय आहे?" परागने शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "प्रिन्सिपल गोदाला बोलावून घेतो. म्हणतो, तुमची मुलगी वर्गात फार प्रश्न विचारते, तिला गप्प बसायला सांगा. गोदा म्हणते, 'काऊन?' आणि अंधार. अंधार?"

"हो. दिवे बंद."

"आणि पंच?"

"तोच."

"ताई, तो प्रश्न आहे. पंच कुठाय? हे बघा, तुम्ही 'काऊन' म्हणता, हशा येतो, तुम्ही मागे सरकता, झाडूवर पाय पडतो, धाडकन आडव्या. म्युझिक. मग अंधार."

"पराग, कामाला आलेली नाही ती तिथे. मुलीच्या कॉलेजात आली आहे. झाडू कशाला आणेल?"

"झाडूशिवाय गोदा ओळखू कशी येणार?"

पहिल्या भागात झाडू मीच लिहिला होता.

पराग स्टूल ओढून माझ्याजवळ बसला. मुलगा वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. "ऐका ना. आज चॅनलची माणसं वर कंट्रोल रूममध्ये बसणार आहेत. 'काऊन गोदा, काऊन?' तुमची स्वतःची मालिका. लेखन निर्मला भारसाकळे, मुख्य भूमिका निर्मला भारसाकळे. कागद तयार आहेत. आज गोदा पडली की संध्याकाळी सही. इतकं सोपं आहे."

माझ्या पर्समध्ये शाळेचं पत्र होतं. 'जूनमध्ये रुजू व्हावे, अन्यथा राजीनामा द्यावा.' मी राजीनामा लिहून ठेवला होता. फक्त तारीख घालायची बाकी होती.

"बघते," मी म्हणाले.

"बघते नाही, ताई. पडते म्हणा." तो हसला आणि गेला.

मोरजकरकाकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बाय गे, पडण्यात काय वाईट आसा? मी चाळीस वर्सां पडतंय."

"तुम्ही चांगले पडता, काका."

"मग? रविवारी तुका कोणाचो तरी फोन इलो, तेव्हापासून तोंड उतरला हा. कोणाचो होतो?"

"एका विद्यार्थिनीचा."

"काय म्हणाली?"

"काही नाही. ख्यालीखुशाली."

काकांनी मिशीवर बोट दाबून ती बसली का ते पाहिलं. "बरां," ते म्हणाले. "तू काय करशील ता कर. माझ्या वाक्यांका हात लावू नको म्हणजे झाला."

अकरा वाजता रेकॉर्डिंग सुरू झालं.

पहिला 'काऊन' मी दारातच म्हणाले. शिपाई म्हणतो, चपला बाहेर काढा. साहेबांचे बूट मात्र आत. "काऊन?" खच्चून हशा. बबलू कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून हात वर-खाली करत होता. हात वर गेला की हशा वर, खाली आला की खाली. दुसरा 'काऊन' खुर्चीवरून. तोही गाजला. काका रंगात आले होते. त्यांनी चष्मा नाकावर घसरवला, मुलीची वही उघडली आणि लिहिलेलं वाक्य अगदी सावकाश म्हटलं.

"बाई, तुमची मुलगी हुशार आहे. पण तिला सांगा, वर्गात प्रश्न विचारायचे नाहीत."

मी श्वास घेतला. तोंड उघडलं. आणि बबलूचा हात वर गेला.

मी शब्द म्हणायच्या आधीच दीडशे माणसं हसत होती.

झाडू माझ्या हातात होता. मागे सरकायचं, पाय टाकायचा, पडायचं. पंचेचाळीस स्किटांत मी सतरा वेळा पडले होते, अंगाला सवय होती. मी झाडू हळूच टेबलाला टेकवून ठेवला. मग दोन्ही हात मागे बांधले आणि उभी राहिले.

शाळेत मी असंच करायची. वर्गात गलका झाला की मी पट्टी आपटत नसे, ओरडत नसे. हात मागे बांधून उभी राहायची आणि एकेका बाकाकडे पाहायची. रागाने नाही. नुसतं, वाट पाहत. सातवी ब चा वर्ग सगळ्यांत दांडगा, त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागायचा. पण शांत झाला नाही असं एकदाही झालं नाही.

प्रेक्षकांना वाटलं, हा विनोदच आहे. ते आणखी हसले. मग माझं उभं राहणं संपेना, तेव्हा मागच्या रांगा थांबल्या. बबलूने दोन्ही हात वर केले. पुढच्या दोन रांगा कशाबशा हसल्या आणि त्यांना आपलाच आवाज ऐकू यायला लागला. छतावरच्या स्पीकरमधून परागचा आवाज आला, "ताई, पुढे." मी हलले नाही. "ताई, झाडू! काका, काहीतरी बोला, सांभाळून घ्या." काकांनी कुणाचं स्किट पडू दिलं नव्हतं कधी. समोरचा अडखळला की ते लगेच काहीतरी सुचून बोलायचे. त्यांनी माझ्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तोंड मिटून बसून राहिले.

आणि मी त्या फोनचा विचार करत होते.

मंजू तायडे माझ्या सातवी ब मधली. प्रश्न विचारून विचारून जीव नकोसा करणारी पोर. 'बाई, कवितेतली चिमणी रडते म्हंता, चिमण्या रडतेत काय?' 'बाई, तुमाले कोन शिकवलं?' तिला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्या बापाने मला पेढे पाठवले होते. रविवारी दुपारी तिचा फोन आला. कशी आहेस, जेवण कसं आहे, सगळं झालं. ठेवता ठेवता मी म्हणाले, "आणि काय गं, तिथल्या सरांना भंडावून सोडतेस की नाही?"

"नाई बाई. आता नाई विचारत."

"का?"

"पहिल्या महिन्यात विचारलं होतं. फळ्यावर गणित होतं. मी म्हनलं, सर, इथं उणे काऊन आलं? सगळा वर्ग हसला, बाई. सर बी हसले. म्हनाले, बसा गोदाबाई. तवापासून मले समदे गोदाच म्हनतेत. आता मी नाई विचारत काई. घरी आली की आई म्हनते, तू अशी गुपचूप काऊन झाली?" मग घाईघाईने म्हणाली, "तुमचा कार्यक्रम मात्र पाह्यतो हां बाई आम्ही. मेसमधे सगळ्या पोरी पाह्यतेत."

दीड वर्ष. दीड वर्ष त्या मुलीला ते उणे कुठून आलं ते कळलेलं नव्हतं.

स्टुडिओ शांत झाला होता. एसीची घरघर ऐकू येत होती. कुणीतरी खोकलं आणि खोकल्याबद्दल ओशाळलं. मी शेवटच्या रांगेपर्यंत एकेक तोंड पाहून घेतलं. बबलूचे हात खाली आले होते.

मग मी प्रिन्सिपलकडे वळले आणि विचारलं, "काऊन?"

कुणी हसलं नाही.

काकांना यापुढे वाक्य नव्हतं. दिवे जायला हवे होते, पण वर कुणी बटण दाबेना. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. आणि तिसऱ्या रांगेतून त्या हिरव्या साडीच्या बाई काकांना म्हणाल्या, "अहो, सांगा ना. तिने काय विचारलंय?"

काकांनी मान खाली घातली. हे अभिनयात धरायचं की नाही, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

पराग जिना उतरून धावत आला. "कट, कट! ताई, काय होतं हे? दीड मिनिट! दीड मिनिट टीव्हीवर कुणी गप्प उभं राहतं? लोकांना वाटेल सेट बिघडला."

"वाटू दे."

"वर ती माणसं बसली आहेत हो!" त्याने आवाज खाली आणला. "ठीक आहे. झालं ते झालं. एकच शॉट घेऊ. गोदा झाडूवरून घसरते. बाकीचं मी जोडून घेतो."

"गोदा पडणार नाही, पराग."

"मग मालिका पडेल, ताई."

"पडू दे."

"एवढ्याशा शब्दासाठी?"

"तो शब्द माझा नाही. मी गावाहून आणला होता. धड परत न्यायचा आहे."

त्याला काही कळलं नाही आणि समजावून सांगायला, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, माझ्याजवळ वेळ नव्हता. टेबलाला टेकलेला झाडू मी उचलला आणि त्याच्या हातात दिला. "हा सामानात जमा करून घे."

बाहेर प्रेक्षकांना चहा देत होते. हिरव्या साडीच्या बाई मला पाहून उठल्याच नाहीत. उलट कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "काय हो बाई, आम्हाला हसायला सांगितलं म्हणून हसलो, त्यात आमच्यावर एवढं डोळे रोखायचं काय कारण? मला शाळेतल्या पाटणकर बाई आठवल्या. अजून पोटात गोळा आहे."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"चुकलं वगैरे काही नाही." त्यांनी बशीतलं एक बिस्किट माझ्याकडे सरकवलं. "पण तो मेला प्रिन्सिपल बोलला का नाही शेवटी?"

मोरजकरकाका मला गेटपर्यंत सोडायला आले. मिशी तशीच होती. एवढंच म्हणाले, "चाळीस वर्सां झाली, बाय. कधी गप पण रव्हाचा आसता, ह्या माका कोणी शिकवलाच नाय."

राजीनाम्याचा कागद मी गाडीत बसल्यावर फाडला.

तो भाग दोन आठवड्यांनी लागला. मी दर्यापूरला आले होते, शाळा सुरू व्हायला अवकाश होता. घरी एकटीनेच पाहिला. दीड मिनिटाची शांतता परागने अशी सफाईने काढली होती की शिवण दिसत नव्हती. काका म्हणतात, "वर्गात प्रश्न विचारायचे नाहीत." लगेच माझा चेहरा, जवळून. "काऊन?" आणि हास्याचा गडगडाट. हिरव्या साडीच्या बाई डोळे पुसत शेजारणीच्या खांद्यावर पडल्या होत्या. रिकाम्या रंगमंचाकडे पाहून हसलेलं ते हसू शेवटी माझ्या वाट्याला आलं.

लगोलग परागचा फोन आला. "पाहिलंत? सगळं सावरलं मी. चॅनल खूश आहे. अजून वेळ गेलेली नाही, ताई. सहीला कधी येताय?"

"येणार नाही."

"अहो, पण का?"

मी फोन ठेवला. तो प्रश्न निदान त्याने विचारला, याचं मला समाधान वाटलं.

मात्र त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मेसमध्ये सगळ्या पोरी पाहतात, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी मालिका सोडली होती, पण पडद्यावर लोक हसलेच होते. मंजूला काय दिसलं असणार? हेच, की तिच्या बाई पुन्हा एकदा 'काऊन' म्हणाल्या आणि जग पुन्हा एकदा हसलं.

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला.

"बाई, मी मंजू बोलून राह्यली. रईवारी पाह्यलं."

"हं."

"लोक हसले शेवटी."

"हसले नव्हते, मंजू. ते नंतर जोडलं आहे."

"मले काय मालूम जोडलं का काय. पण तुमच्या तोंडाकडं पाह्यलं म्या. तुमी काई हसवाले नव्हतं म्हनलं. तुमी खरंच विचारलं होतं."

मी फोन या कानावरून त्या कानाला घेतला.

"बाई, हायेत नं लायनीवर?"

"आहे, आहे. बोल."

"आज म्या विचारलं वर्गात."

"काय विचारलंस?"

"तेच. दुसरं गणित होतं, पन उणे तसंच आलं होतं. उठून म्हनलं, सर, हे उणे काऊन आलं?"

"मग?"

"मंग काय, हसले समदे. मागून कोनी म्हनलं, गोदा आली, गोदा आली."

"मग तू बसलीस?"

"नाई. हात मांगं बांधले अन् उभी राह्यली. तुमी नाई काय, सातवी ब मधे राह्यच्या, तशी. एकेकाकडं पाह्यत."

ती शांतता पडद्यावर आलीच नव्हती. परागने ती कापून टाकली होती.

"किती वेळ?" मी विचारलं.

"मोजलं नाई, बाई. लय वेळ. मंग झाले चूप. अन् सरांनी उत्तर देलं."

"बरोबर दिलं?"

"नाई नं," मंजू म्हणाली. "चुकलं होतं. म्हनून मी बसलीच नाई."